छागलीतून आलेलं औरंगाबाद

नोकरीसाठी कोणत्या शहरात जावं, या विषयात एके काळी आमच्या पंचक्रोशीत माझ्याइतका जाणकार माणूस नव्हता. पुणे बरं की हैदराबाद, नागपूरला पाणी कसं, सुरतेला खोली मिळते का, औरंगाबादच्या कंपन्यांत फिटरला घेतात का, असं काहीही विचारावं आणि मी वही उघडून उत्तर द्यावं. दोन-दोन कोसांवरून पोरं विचारायला यायची. माझ्या सल्ल्यानं दोघं तर सुरतेला गेले आणि तिकडंच रमले. मी स्वतः तोवर हिंगोलीखेरीज एकही शहर पाहिलेलं नव्हतं, आणि हिंगोलीलाही तेव्हा शहर म्हणायला जीभ जरा अडखळायची. जिल्ह्याच्या कामाला घरच्या मोठ्या माणसांना परभणी गाठावी लागे. पण ही गोष्ट मला कुणी विचारली नाही आणि मीही आपण होऊन सांगितली नाही.

आमचं गाव सेनगावच्या अंगाला, सडकेपासून थोडं आत. गावाच्या कडेला आमची चार घरं आणि घरांपेक्षा मोठं मेंढ्यांचं कुंपण. माझ्या लहानपणाचा आवाज विचाराल तर तो मेंढ्यांच्या खोकण्याचा. पहाटे आधी एक मेंढी खोकायची, मग दहा, मग माझे वडील, आबा, खोकायचे आणि मग आई चुलीत फुंकर घालायची. सकाळी ज्वारीची भाकरी, तव्यावरचा मिरचीचा ठेचा आणि असेल तर वाटीभर दूध. अंबाडीच्या दिवसांत दोन्ही वेळा अंबाडीची भाजी, इतकी की आम्हा भावंडांच्या जिभा कायम आंबलेल्या असत. आई म्हणायची, "खा रे, शहरात गेल्यावर ह्याच भाजीसाठी रडशाल." मला तेव्हा ती धमकी वाटायची. आता बाजारात अंबाडीची जुडी दिसली की मी भाव न विचारता उचलतो आणि बायको पिशवीत बघून कपाळाला हात लावते.

दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन लांबच्या चराईला जायचं. पण कळप एकदम हलवत नसत. आधी घरातला एक जाणता माणूस एकटा पुढं जायचा. याला आमच्यात 'जागा बघणं' म्हणत. तो तिथं दोन-तीन मुक्काम करायचा, जमिनीवर घोंगडं टाकून झोपायचा, शेतकऱ्यांशी बोलायचा आणि येताना तिथलं पाणी छागलीत भरून आणायचा. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, खांद्याला लटकवायची. ते पाणी घरातल्या सगळ्यांनी चाखायचं आणि मग ठरायचं. आमच्या चार घरांत जागा बघण्यात आबांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते तीन गोष्टी बघायचे. पाणी कसं, माणसं कशी आणि परतीची वाट कशी. पहिल्या दोन मला कळायच्या. तिसरीचं मला हसू यायचं, कारण ज्या वाटेनं गेलो तिनंच यायचं, त्यात बघायचं काय? आबा म्हणायचे, "मेंढी आजारी पडली, पाऊस आला, मालक फिरला, तर रात न होता घर गाठता आलं पाह्यजे. जायला कुठूनबी जाता येतं."

मला मात्र मेंढ्यांनी लहानपणीच नापास केलं होतं. मी सात-आठ वर्षांचा असताना एका एडक्यानं मला मागून अशी धडक दिली की मी शेणाच्या ढिगात तोंडघशी पडलो, आणि त्या दिवसापासून एडका दिसला की मी झाडावर चढायचो. झाड जवळ नसेल तर आईच्या मागं. मेंढपाळाचं पोर मेंढीला भितं ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. शेवटी आबांनी सांगून टाकलं, "हे पोरगं शाळेच्या कामाचं हाय." घरात सगळ्यांना वाटतं की मी हुशार म्हणून शिकलो. खरं श्रेय त्या एडक्याचं आहे.

दहावीनंतर आयटीआय केलं, फिटरचं. प्रमाणपत्र हातात आलं आणि प्रश्न उभा राहिला की आता जायचं कुठं. बरोबरची पोरं मिळेल त्या गाडीत बसून निघून गेली. मला ते अडाणीपणाचं वाटलं. एवढा मोठा निर्णय, तो अभ्यास करून घ्यायला नको का? माझ्या मामाचं वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. नागपूरकडून येणारे, अकोल्याकडून येणारे, नांदेड-हैदराबादकडं जाणारे सगळे ट्रक तिथून जायचे. मी घरी सांगितलं की मामाला मदत करतो आणि ड्रायव्हर लोकांकडून शहरांची माहिती काढतो. शंभर पानी वही घेतली. पट्टीनं रेघा मारल्या. सात शहरं आणि सात रकाने: पाणी, खोली, कंपन्या, हवा, भाषा, माणुसकी आणि चहा. प्रत्येकाला दहापैकी गुण. माझं अक्षर चांगलं होतं, त्यामुळे ती वही फार विश्वासू दिसायची.

मामा टायर उचकटायचा, हातोड्याचे ठोके पडायचे आणि मी बाजूच्या लाकडी खोक्यावर बसून ड्रायव्हरची मुलाखत घ्यायचो. माझा सगळ्यात मोठा आधार गफूरचाचा. नांदेडचा म्हातारा ड्रायव्हर, सगळा देश चाकाखालून घातलेला. "चाचा, हैदराबाद कैसा है?" "अच्छा है. नाके के बाजू में पराठा मस्त मिलता." मी हैदराबादला चहा-फराळात नऊ दिले. "आणि पुणे?" "पुणे? बाएँ हाथ को वजनकाटा है, काँटा बराबर है, बेईमानी नहीं." पुण्याला माणुसकीत आठ. "औरंगाबाद?" चाचानं तोंड वाकडं केलं. शहराच्या अलीकडं एका ढाब्यावर त्याचं जादाचं टायर कुणीतरी लांबवलं होतं. मी औरंगाबादला माणुसकीत एक गुण दिला, तोही माझ्या मोठ्या मनानं.

असे चार महिने गेले. मग एकदा मी चाचाला विचारलं की पुण्यात खोल्यांचं भाडं साधारण कोणत्या भागात कमी. तो माझ्याकडं बघतच राहिला. "मेरे को क्या मालूम, बेटा? दिन में ट्रक को अंदर कौन छोड़ता? मैं तो गोडाउन से वापस." मामाच्या हातातला हातोडा थांबला. तो खाली बसून इतका हसला की त्याला ठसका लागला. माझ्या वहीत सात शहरांचे सात जकात नाके होते आणि शहर एकही नव्हतं. शहाण्या माणसानं त्याच दिवशी वही फाडली असती. मी चाचाच्या मतांना कंस केले आणि 'आणखी माहिती आवश्यक' असा आठवा रकाना आखला.

आज माझी मुलगी फोनवर शहरं तोलते. भाडं, पगार, हवा, सगळं तिला बसल्या जागी कळतं आणि तरी तिचं ठरत नाही. तिची आई वैतागते. मी मात्र गप्प असतो, कारण हा आजार कुठून आला ते मला ठाऊक आहे.

त्या साली दसऱ्याला मी घरी आलो तेव्हा आबांनी जेवताना एवढंच सांगितलं, "दिवाळीपस्तोर शहर ठरीव. न्हाई ठरलं तर मेंढ्यामागं चल. घरात बसून जिंदगी जात न्हाई." मेंढ्यांमागं म्हणजे एडक्यांमागं. मी ताटातली भाकरी तशीच धरून बसलो. आबांच्या गुडघ्यांनी तेव्हाच कुरबुर सुरू केली होती आणि त्यांना सोबतीला माणूस हवाच होता, त्यामुळे ही धमकी नव्हती, सरळ हिशेबाची गोष्ट होती. दिवाळीला तीन आठवडे उरले होते.

आणि त्याच आठवड्यात पत्र आलं. आयटीआयमधून आमची नावं कंपन्यांकडं गेली होती, त्यातल्या एका कंपनीनं मला मुलाखतीला बोलावलं होतं. जाड पाकीट, कोपऱ्यात दातेरी चाकाचं चित्र. तारीख बारा दिवसांनंतरची. गाव औरंगाबाद, माझ्या वहीत सातांत सहावं. मी पत्र तीनदा वाचलं. आता मोकळेपणानं लिहितो, कारण लाज वाटण्याचं वय गेलं: मला औरंगाबादची भीती नव्हती, मला जाण्याचीच भीती होती. ती वही मी शहर निवडायला केलेलीच नव्हती. ती मी घरी राहायला केली होती. शहरं तोलत बसलं की कुणी भित्रा म्हणत नाही, विचारी म्हणतात. आईनं विचारलं, "कशाचा कागद हाय?" मी म्हणालो, "आयटीआयचा. काही खास न्हाई." पत्र आणि पाकीट वहीत घातलं आणि वही पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली दडपली. पुढचे दिवस मी त्या पेटीकडं बघायचंही टाळत होतो.

दोन दिवसांनी आबा सकाळी उठले, घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली, छागल भरली. आईनं धपाटे बांधून दिले. "जागा बघून येतो," म्हणाले. दर साली या सुमाराला जायचेच, कुणाला काही वाटलं नाही. मला तर बरंच वाटलं, तेवढेच दिवस कुणी शहराचं नाव काढणार नव्हतं. मी ओट्यावर बसून गावातल्या एका पोराला नागपूरच्या हवेबद्दल समजावून सांगत होतो.

आबा परतले ते आठव्या दिवशी, उन्हं कलताना. धोतर मळलेलं, दाढी वाढलेली, पण चेहरा जागा पसंत पडल्यावर असतो तसा. पाय धुतले, ओट्यावर बसले, छागल खुंटीला न लावता माझ्यासमोर धरली.

"चाख."

मी घोट घेतला. पाण्याला कसलासा उग्र वास होता.

"कुठलं हाय, वळख. तुज्या वहीत पाण्याचं घर हाय म्हणं."

मी जाणकार माणूस. दुसरा घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले. "येलदरीच्या धरणाचं," मी म्हणालो.

आई भाकरी थापता थापता उठून आली. ओंजळीत थोडं घेतलं, चाखलं आणि थुंकून टाकलं. "कशाचं धरण! दवा टाकेल हाय ह्यात. शहराच्या नळाचं पाणी हाय हे."

आबांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेलं पाकीट काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. कोपऱ्यात दातेरी चाक. माझं तोंड कोरडं पडलं, नुकतेच दोन घोट प्यालो होतो तरी.

"पोस्टमननं तुज्या हाती द्यायच्या आधी मला वाचून दावलं व्हतं," आबा म्हणाले. "मी वाट बघून राहिलो, आज सांगशील, उद्या सांगशील. तू काही बोलंना. मंग म्हणलं, पोरगं जागा न बघता जायला भिऊन राहिलं असंल. त्यात काय चूक न्हाई. म्या बी न बघता मेंढी हलवत न्हाई. तुज्या पेटीतलं पाकीट घेतलं आन गेलो."

"काहून गेलात आबा, एवढं लांब? तुमाला वाचता येत न्हाई, काही न्हाई."

"हे चाक दावलं की लोक वाट दाखवत व्हते. काही तकलीफ झाली न्हाई."

मग त्यांनी मला औरंगाबाद सांगितलं. तसं ते दर साली चराईची जागा सांगायचे, त्याच सुरात. तीन दिवस ते कंपनीच्या गेटासमोर एका लिंबाखाली बसून होते. पाळी सुटली की बाहेर येणारी माणसं बघायचे. "दमलेली व्हती. पर भ्यालेली न्हाई दिसली. बोलत-हासत निघत व्हती. एकाचा पाय लचकलेला, त्याला दुसऱ्यानं सायकलवर घेतलं. डबे रिकामे व्हते, म्हंजी पोटभर जेवत्यात." मुक्काम एका देवळात. गेटासमोरचा चहावाला दोन दिवस नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, काका, कुणाला शोधून राहिले? आबांनी सांगितलं की पोरगं येणार आहे, जागा बघायला आलो. "तो हासला न्हाई, बरं का. म्हणला, येऊ द्या, खोली मी दावतो. आपण होऊन इचारणारा माणूस जिथं हाय, तिथं लेकरू उपाशी राहत न्हाई. पाणी वंगाळ हाय, पर सवय व्हईल."

वहीतला माझा एक गुण मला आठवला. तरी खोड जात नाही. मी विचारलं, "आन पुणं? पुण्याला जास्ती कंपन्या हायत आबा. माज्या हिशेबानं पुणं पहिलं हाय."

"पुण्याला गाडी बदलाय लागती," आबा म्हणाले आणि जेवायला बसले.

मी मनातल्या मनात हसलो. माणसाच्या आयुष्याचा प्रश्न, आणि यांचा हिशेब काय, तर गाडी बदलावी लागते! माझ्या आठ रकान्यांत असा येडपट रकाना एकही नव्हता.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आबा मला सडकेवर, आमच्या गावच्या फाट्यावर सोडायला आले. आईनं पिशवीत धपाटे, ठेचा आणि वाळवलेल्या अंबाडीची पुडी भरली होती. ती घराच्या दारातूनच परत फिरली, तिला रडताना कुणी बघितलेलं चालायचं नाही. हिंगोलीहून येणारी एसटी लांब धूळ उडवत दिसली तसे आबा घाईघाईनं बोलायला लागले, आणि मी त्यांना कधी एवढं सलग बोलताना ऐकलेलं नव्हतं. "हीच गाडी सरळ औरंगाबादच्या स्टँडात जाती. मधी उतरायचं न्हाई. आन तिकडून सकाळी अकराला हीच निघती, डाव्या हाताच्या शेवटच्या फलाटावरून. म्या तीनदा बघितलं, तिन्ही डाव तिथंच लागली. दिवस बुडायच्या आत आपल्या फाट्यावर येती. न्हाईच करमलं, तर बसायचं आन यायचं. इथं कोनी काही म्हणणार न्हाई. मी हाय." कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीत बसलो आणि जिंतूर येईपर्यंत बाहेर बघत राहिलो, कारण आत बघितलं असतं तर शेजारच्या बाईला माझा चेहरा दिसला असता.

नोकरी लागली. चहावाल्यानं खोली दाखवली. आणि मी जगातला महाशहाणा पहिल्याच रविवारी हातात पिशवी घेऊन सकाळी साडेदहाला औरंगाबादच्या स्टँडावर हजर होतो, घरी जायला. डाव्या हाताच्या शेवटच्या फलाटावर गाडी उभी होती. आबांनी सांगितलं तिथंच, सांगितलं तशीच. मी तिच्याकडं बघत उभा राहिलो. अकरा वाजले, ती निघाली, मी चढलो नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ती तिथं आहे एवढं बघूनच जरा जीव थाऱ्यावर आला आणि मी चहा पिऊन खोलीवर परतलो. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. असं उन्हाळा लागेपर्यंत चाललं. कंट्रोलरला वाटायचं मी कुणाला तरी पोचवायला येतो. मग एका रविवारी सोबतच्या पोरांनी जेवायला बोलावलं आणि स्टँडावर जायचं राहिलं. ते माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

ही स्टँडाची गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. मुलगी झाली तेव्हा आई-आबा आमच्याकडं औरंगाबादला राहायला आले होते. मेंढ्या तोवर आबांनी चुलत्याच्या हवाली केल्या होत्या. एका दुपारी जेवणं झाल्यावर, स्वतःचीच फजिती म्हणून, मी ती रंगवून सांगितली. पिशवी, फलाट, कंट्रोलर, सगळं. बायको हसली. आईही हसली, आणि हसता हसता थांबली.

"म्हंजी तू तिकडं उभा व्हय?" ती म्हणाली. "आन हे इकडं. त्या साली ह्यांनी मेंढ्या लांब नेल्याच न्हाईत. चार घरांतले सगळे गेले, हे गेले न्हाईत. समदा हिवाळा सडकेच्या कडेनं चारल्या. दिवस कलला की फाट्यावर. गाडी थांबली की उठून उभं राहायचे. कोनी उतरलं न्हाई की मेंढ्या घेऊन घरी. लोक हासून राहिले व्हते, येवढा जागा बघणारा माणूस आन ह्याला ह्या साली जागाच सापडंना. मेंढ्यांची नुसती हाडं राहिली व्हती."

मी आबांकडं बघितलं. ते नातीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकले होते. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, पण हे त्यांनी ऐकलं होतं.

"त्या साली चारा सडकेलाच बरा व्हता," ते म्हणाले.

त्या सडकेच्या दोन्ही अंगांना खडी आहे आणि तरवड. तरवडाला मेंढी तोंड लावत नाही, एवढं मलासुद्धा कळतं.